दाद, जबाब आणि इस्लाह

कविता लिहून झाली की ती कुणाला तरी ऐकवावीशी वाटते. ही ओढ नामवंत कवीला असते, तशीच शाळेत शिकवून, यंत्रमाग चालवून किंवा लोकलचा प्रवास करून रात्री वही उघडणाऱ्या हौशी कवीलाही असते. किंबहुना हौशी कवीला ती अधिक असते. त्याच्या दारात प्रकाशक उभा नसतो, समीक्षक त्याच्या नव्या ओळीची वाट पाहत नसतो. त्याचा पहिला वाचक बहुधा त्याच्यासारखाच दुसरा हौशी कवी असतो. आपल्या साहित्येतिहासात ग्रंथांची नोंद होते, संमेलनाध्यक्षांची यादी होते, पण एकमेकांना कविता ऐकवणाऱ्या आणि एकमेकांच्या कवितेला उत्तर देणाऱ्या या माणसांचा इतिहास फारसा लिहिला जात नाही. परंपरा मात्र त्यांनीच चालवली आहे.

एका कवीने दुसऱ्या कवीच्या कवितेला काय द्यावे? आमच्या परंपरेत याची तीन उत्तरे आहेत. पहिले उत्तर म्हणजे जबाब: तुझ्या कवितेला माझी कविता. दुसरे म्हणजे दाद: मनापासून उमटलेली वाहवा. तिसरे म्हणजे इस्लाह, अर्थात दुरुस्ती: तुझी ही ओळ इथे अडखळते, हा शब्द असा बदलून पाहा. हे तीनही शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले. त्यांपैकी जबाब मराठीत 'जवाब' होऊन फडावर रुळला, दाद तर घरचीच झाली. इस्लाह हा शब्द मात्र मराठीने घेतला नाही. ती रीत मराठीत होती, काही थोरांनी ती निष्ठेने पाळली, पण तिचे नाव रूढ झाले नाही. आणि ज्या गोष्टीला नाव राहत नाही ती लवकर विसरली जाते, असे आम्हांला वाटते.

हा प्रश्न आम्हांला ठाण्याच्या नौपाड्याकडे पाहताना पडतो. गोखले रोड, राम मारुती रोड, घंटाळी हा सारा भाग म्हणजे ठाण्याच्या मराठी मध्यमवर्गाचे अंगण. जवळच तलावपाळी, तिच्या काठी १९७८ साली उभे राहिलेले गडकरी रंगायतन. थोड्या अंतरावर १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय. ज्या विनायक लक्ष्मण भावे यांनी ते उभारण्यात पुढाकार घेतला, त्यांनीच 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून जुन्या मराठी कवींचा पहिला मोठा इतिहास सिद्ध केला. शेख महंमदासारख्या मुसलमान संतकवीला मराठीच्या घरात हक्काचे स्थान आहे, ही जाणीव वाढवण्यात अशा इतिहासकारांचा वाटा मोठा आहे. ठाण्याने १९६०, १९८८ आणि २०१० अशी तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरवली. इथे कवितेला सभागृह मिळते, श्रोता मिळतो.

खाडी ओलांडली की भिवंडी, दुसरीकडे मुंब्रा. तिथे रात्र रात्र मुशायरे चालतात. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस घालवलेला कारागीर रात्री मांडी घालून शेर ऐकतो आणि नेमक्या जागी दाद देतो. नौपाड्याचे कविसंमेलन आणि भिवंडीचा मुशायरा यांत काही कोसांचेच अंतर आहे, पण या दोन मैफलींतली माणसे एकमेकांना क्वचित भेटतात. मराठीत लिहिणारा मुसलमान कवी या दोहोंच्या मध्ये उभा आहे. म्हणूनच या तीन उत्तरांचा इतिहास एकत्र मांडण्याची गरज त्याला इतरांपेक्षा अधिक आहे.

जबाब

सर्वांत जुनी आणि लोकांमध्ये सर्वाधिक मुरलेली रीत जबाबाची. कलगी-तुऱ्याच्या उगमाविषयी उत्तरेत एक आख्यायिका सांगतात. तुकनगीर नावाचा एक हिंदू गोसावी आणि शाह अली नावाचा एक मुसलमान फकीर यांच्यात काव्याचा सामना झाला. दोघेही तोडीस तोड निघाले. मध्य भारतातील चंदेरीच्या राजाने प्रसन्न होऊन एकाला आपल्या मस्तकावरचा तुरा दिला आणि दुसऱ्याला कलगी. तेव्हापासून तुरेवाले आणि कलगीवाले अशी दोन घराणी झाली. मध्य प्रदेशात आणि राजस्थानात हा खेळ आजही याच दोन नावांनी ओळखला जातो. आख्यायिकेला इतिहासाचे वजन देण्याचे कारण नाही. पण लोकांनी हा सामना कोणामध्ये कल्पिला, आणि त्यात कुणालाही हरू दिले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात या दोन पक्षांना तत्त्वज्ञानाचा आधार मिळाला. तुरा शिवाचा, पुरुषाचा. कलगी शक्तीची, प्रकृतीची. ब्रह्म मोठे की माया मोठी, हा वाद डफ-तुणतुण्याच्या साथीने गावोगाव रंगला. एका पक्षाने कूट घालायचे, दुसऱ्याने ते त्याच रात्री सोडवायचे. याच काळात लावणी-पोवाड्याच्या फडांची चुरस वाढली. पेशवाईच्या उत्तरार्धात होनाजी बाळा यांच्या फडाशी ज्यांची स्पर्धा होती, ते सगनभाऊ जेजुरीचे, जातीने शिकलगार, धर्माने मुसलमान. हत्यारांना धार लावणाऱ्या घरातला हा माणूस पुण्याच्या रसिकांसमोर गवळी समाजातल्या होनाजीच्या तोडीची लावणी रचत होता. रसिकांनी दोघांनाही डोक्यावर घेतले. फडावर एकच प्रश्न विचारला जाई: समोरच्याच्या लावणीला तुझ्याकडे उत्तर आहे का? असेल तर तू शाहीर.

कोकणात हीच परंपरा शक्ती-तुरा या नावाने, जाखडी नृत्याच्या अंगाने वाढली. चाकरमानी कोकणातून मुंबईला आला, तेव्हा ट्रंकेबरोबर त्याने ही वहीही आणली. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सामने रंगत. गणेशोत्सवाच्या आगेमागे मुंबई-ठाण्याच्या वस्त्यांत या नाचाची तालीम चाले. गण, गौळण, मग सवाल-जवाब, असा क्रम असतो. शाहीर म्हणजे कुणी गिरणी कामगार, कुणी शिपाई, कुणी शेतकरी. समोरच्याने पुराणातला एखादा पेच टाकला की याने तो ऐकून, मनाशी जुळवून, चालीत बसवून उत्तर द्यायचे. यात एक मोठा गुण आहे. उत्तर द्यायचे तर समोरच्याचे नीट ऐकावे लागते. आपल्याच कवितेच्या विचारात हरवलेला कवी इथे टिकत नाही.

जबाबाला मर्यादाही आहे. सामन्यात प्रतिपक्षाला जिंकायचे असते, सुधारायचे नसते. समोरच्याची ओळ लंगडी असेल तर ती उघडी पाडायची, ती सावरून द्यायची नाही. त्यामुळे जबाबाने कवी चपळ होतो, हजरजबाबी होतो. पण तो आपल्या जागी खोल होतोच असे नाही. त्यासाठी दुसऱ्या मैफलीत जावे लागते.

दाद

मुशायऱ्याचा इतिहास सांगताना लोक दिल्ली-लखनौचे नाव घेतात. आम्ही औरंगाबादचे घेतो. वली दखनी १७०० साली दिल्लीला गेला आणि पुढे १७२० च्या सुमारास त्याचा दिवाण तिथे पोचला, तेव्हा फारसीत लिहिण्यात धन्यता मानणाऱ्या दिल्लीकरांना समजले की बोलीभाषेतही असे लिहिता येते. दिल्लीतल्या उर्दू गझलेच्या मैफलीला खरी सुरुवात झाली ती दख्खनच्या माणसामुळे. सिराज औरंगाबादीही याच मातीतला. तेव्हा मुशायरा ही उत्तरेकडून आलेली पाहुणी गोष्ट आहे, असे महाराष्ट्रातल्या कुणी समजू नये. तिच्या पायाचा एक दगड मराठवाड्यातला आहे.

मुशायऱ्याचे नियम फार विचाराने घडलेले होते. मिर्झा फरहतुल्ला बेग यांनी १८४५ सालच्या दिल्लीतील एका काल्पनिक मुशायऱ्याचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात हे नियम डोळ्यांपुढे उभे राहतात. शमा एकेका कवीपुढे ठेवली जाते. ज्याच्यापुढे शमा, त्याने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. नवशिके आधी वाचतात, उस्ताद शेवटी. म्हणजे उस्तादाला साऱ्या नवशिक्यांचे ऐकून घेतल्याशिवाय आपले वाचता येत नाही. हा नियम ज्याने घातला त्याला कवींचा स्वभाव पुरता ठाऊक असला पाहिजे.

दाद देण्याचीही रीत होती. कवीने शेराचा पहिला मिसरा म्हटला की श्रोते तो उचलतात, म्हणजे त्याच्यापाठोपाठ म्हणतात. याला 'मिसरा उठाना' म्हणत. त्यामुळे पहिली ओळ साऱ्या मैफलीच्या तोंडी बसते आणि दुसऱ्या ओळीची उत्कंठा वाढते. मग दुसरा मिसरा येतो आणि शेर उलगडतो. 'मुकर्रर' म्हणून श्रोता तो पुन्हा मागतो. ही नुसती टाळी नव्हे. श्रोता कवितेच्या बांधणीत भाग घेतो, आणि कोणत्या शेराला मैफल गप्प राहिली हेही कवीला त्याच क्षणी कळते. जिथे प्रत्येक ओळीला वाहवा मिळते तिथे ही सोय नाहीशी होते.

यातच तरही मुशायऱ्याची योजना बसते. आधी एक मिसरा जाहीर करायचा. साऱ्यांनी त्याच वृत्तात, त्याच रदीफ-काफियात गझल लिहून आणायची. दिलेल्या मिसऱ्याला आपली ओळ जोडायची, तिला गिरह म्हणजे गाठ म्हणतात. एकच मिसरा वीस जणांनी वीस तऱ्हेने बांधला की कुणाची गाठ घट्ट आणि कुणाची सैल हे सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकात छापखाने वाढले तेव्हा या तरही गझला छापणारी मासिकेच निघाली. त्यांना 'गुलदस्ता' म्हणत. लखनौचा 'पयामे यार' हा त्यांपैकी एक. पुढच्या अंकासाठी मिसरा जाहीर होई आणि गावोगावचे कारकून, शिक्षक, हकीम आपापली गझल पोस्टाने पाठवीत. ज्यांनी एकमेकांना कधी पाहिले नाही असे कवी एकाच रदीफात शेजारी शेजारी छापले जात. आपल्याकडची समस्यापूर्ती ही याचीच सख्खी बहीण. शेवटचा चरण दिला जातो आणि कवीने बाकीचे तीन रचायचे असतात.

मराठीतही कवीने कवीला दिलेल्या दादेची उदाहरणे आहेत. समर्थ रामदासांच्या नावावर शेख महंमदांचा गौरव करणारी रचना आहे. मोरोपंतांसारख्या पंडिताने लावणीकार राम जोशींना 'कविप्रवर' म्हणून गौरवले. पुढे नारायण नरसिंह फडणीस यांनी जळगावहून १८८७ पासून 'काव्यरत्नावली' हे केवळ कवितेला वाहिलेले मासिक चालवले. मराठी कवींना एकमेकांची कविता वाचायला मिळण्याचे ते हक्काचे ठिकाण झाले. त्याच जळगावात १९०७ साली महाराष्ट्र कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे पेशाने शल्यवैद्य, वनस्पतिशास्त्राचे नामांकित अभ्यासक, काही काळ ठाण्यातही नोकरी केलेले, आणि कवितेचे निस्सीम हौशी. त्यांच्यापुढे सोळा-सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. ते नाव मराठीत कायमचे राहिले. नेमक्या वेळी दिलेल्या दादेची ही ताकद. पण तिथे हजर असलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी पुढे याहून मोठे काम केले. त्यांनी त्या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. टाळी देऊन टिळक थांबले नाहीत.

इस्लाह

इस्लाह ही टाळीनंतरची गोष्ट. ती मैफलीत होत नाही. ती घरी होते, कागदावर होते, आणि दोघांतच राहते. शागीर्दाने गझल लिहून उस्तादापुढे ठेवायची. उस्ताद एखादा शब्द खोडतो, एखादा वर लिहितो, एखाद्या शेरापुढे खूण करतो, एखादा पुरता काढून टाकतो. चारचौघांत उस्ताद शागीर्दाची चूक काढत नाही. उलट मैफलीत शागीर्दाच्या शेरावर कुणी आक्षेप घेतला तर उस्ताद त्याच्या बाजूने उभा राहतो. दाद चारचौघांत, दुरुस्ती एकांतात, असे या परंपरेचे सूत्र सांगता येईल.

मिर्झा गालिबची पत्रे 'ऊदे हिंदी' (१८६८) आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' (१८६९) या नावांनी ग्रंथरूपाने आली. लोक ती गालिबच्या खुमासदार गद्यासाठी वाचतात. पण त्यांतली कितीतरी पत्रे म्हणजे पोस्टाने केलेली इस्लाह आहे. गालिबचा सर्वांत लाडका शागीर्द होता मुन्शी हरगोपाल. त्याचे तखल्लुस 'तफ्ता'. गालिब त्याला मायेने मिर्झा तफ्ता म्हणे. हा शब्द इथे का चालत नाही, अमुक उस्तादाने तो कसा वापरला, हे तो बारकाईने लिहून कळवी. गुरू मुसलमान, शिष्य हिंदू, भाषा फारसी, आणि मध्ये इंग्रजांचे पोस्ट. पुढच्या पिढीत दाग देहलवी हैदराबादेत राहून देशभरच्या शागीर्दांच्या गझला पोस्टाने दुरुस्त करीत. तरुण इक्बालही त्यांना आपल्या गझला पाठवी. थोड्याच दिवसांत दाग यांनी कळवले की आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. इस्लाहचे ध्येय हेच आहे. ज्या दिवशी शागीर्दाला उस्तादाची गरज उरत नाही तो दिवस उस्तादाच्या यशाचा.

मराठीत याच्या जवळ जाणारा प्रयोग झाला तो पुण्यात. १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर रानडे, मनोरमा रानडे आदी मंडळी रविवारी चहाला जमत, एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर बोलत. यशवंत आणि गिरीश यांनी काव्यगायन लोकप्रिय केले. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध केला आणि १९३३ साली 'गज्जलांजली' प्रसिद्ध करून गझलेची वृत्ते मराठीत आणली. रविवारच्या चहाच्या टेबलावर कविता मांडून मित्रांकडून तपासून घेण्याची ही रीत, तिला कुणी इस्लाह म्हटले नाही तरी, इस्लाहच्या अगदी जवळची होती.

या मंडळाला एक वेगळे उत्तरही मिळाले. आचार्य अत्रे यांनी 'केशवकुमार' या नावाने १९२५ साली 'झेंडूची फुले' काढून या कवींच्या लकबींची विडंबने केली. विडंबन हा जबाबाचाच एक प्रकार. ज्याला मूळ कविता तोंडपाठ नाही त्याला तिचे विडंबन करता येत नाही. गंमत अशी की नौपाड्यातल्या घंटाळी भागात, जिजामाता उद्यानात नावारूपाला आलेला साहित्यिक कट्टा याच अत्र्यांच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्याची कविता इतक्या बारकाईने ऐकणारा माणूस तिथल्या फलकावर आहे, ही आम्हांला शुभ गोष्ट वाटते.

मराठीत इस्लाहची परंपरा खऱ्या अर्थाने एकहाती उभी केली ती सुरेश भटांनी (१९३२-२००३). गावोगावचे तरुण त्यांना पत्रे लिहीत, गझला पाठवीत. भट त्यांना वृत्त, यमक, अंत्ययमक समजावून सांगत, प्रसंगी कठोर शब्दांत. नवोदितांसाठी त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. एवढ्या मोठ्या कवीने नवशिक्यांसाठी अक्षरओळखीचे पुस्तक लिहावे यातच त्यांचा उस्तादाचा धर्म दिसतो. या वातावरणात मराठी गझल वाढली आणि तिच्यात मुसलमान कवी मोठ्या संख्येने दिसू लागले. सांगली जिल्ह्यातील दुधगावचे इलाही जमादार (१९४६-२०२१) मराठी गझलेच्या श्रोत्यांचे लाडके झाले. पनवेलच्या ए. के. शेख यांनी स्वतः लिहिता लिहिता नव्यांना शिकवण्याचे व्रत चालवले. दापोलीचे बदीउज्जमा खावर उर्दूत नाव मिळवलेले शायर असून मराठीतही गझल लिहीत, म्हणजे दोन्ही मैफलींत त्यांची बैठक होती. फारसीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत आलेला गझलेचा वारसा अशा रीतीने मराठी मुसलमानाच्या हाती पुन्हा आला, पण आता तो मराठीचा झालेला होता.

आजची मैफल

आज ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात हौशी कवींना तोटा नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. डोंबिवलीत काव्य रसिक मंडळासारख्या संस्थांनी कवींनी कवींना ऐकवण्याची प्रथा जोपासली. २०१७ साली डोंबिवलीनेही साहित्य संमेलन भरवले. संमेलनांतून कविकट्टा असतो. तिथे दूरदूरचे कवी येतात, प्रत्येकाला काही मिनिटे मिळतात. आपले नाव पुकारले गेले की कवी उठतो, वाचतो, प्रशस्तिपत्र घेतो आणि पुष्कळदा पुढच्याचे न ऐकताच निघतो. शमेचा नियम तिथे लागू नाही. उस्तादाने नवशिक्याचे ऐकायचे ही गोष्ट तर दूरच. नवशिकाही नवशिक्याचे ऐकत नाही. दाद मात्र सर्वांना सारखी मिळते, आणि सारखी वाटली गेल्यामुळे तिची किंमत उतरते.

मुसलमान कवीच्या वाट्याला यात आणखी एक गोष्ट येते. मराठी कविसंमेलनात शेख, मोमीन, मुजावर, तांबोळी अशा आडनावाचा कवी उभा राहिला की कविता सुरू होण्याआधीच टाळ्या पडतात. कविता झाली की भले श्रोते जवळ येऊन प्रेमाने म्हणतात, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" बोलणाऱ्याच्या मनात प्रेमच असते यात शंका नाही. पण ज्याच्या घरी सात पिढ्या मराठी बोलली जाते त्याला त्याच्या मातृभाषेबद्दल शाबासकी मिळावी, ही दाद कवितेची नव्हे. ती आडनावाची दाद आहे. सूत्रसंचालक सौहार्दावर दोन वाक्ये बोलतो. कवितेत दुसऱ्या कडव्यात लय तुटली होती, तिसऱ्यात प्रतिमा शिळी होती, हे कुणी सांगत नाही. अन्य कवीला निदान त्याचा मित्र घरी जाताना सांगतो. आम्हांला संकोचापोटी तेही सांगितले जात नाही.

पलीकडच्या मैफलीत वेगळा अनुभव. उर्दू मुशायऱ्यात कुणी मराठी गझल वाचण्याची इच्छा दाखवली तर "उर्दूत का लिहीत नाही?" असा प्रश्न येतो. तोही आपुलकीनेच विचारला जातो. एका ठिकाणी मराठीबद्दल कौतुक, दुसऱ्या ठिकाणी मराठीबद्दल आश्चर्य. कविता दोन्हीकडे बाजूलाच राहते.

१९९० साली सोलापूरला प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्या अध्यक्षतेखाली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यामागे अनेक कारणे होती. सामाजिक प्रश्न होते, अस्मितेचे प्रश्न होते. आम्हांला त्यात एक साधी वाङ्मयीन गरजही दिसते. जिथे आपल्या मराठीचे कुणाला नवल वाटणार नाही अशी मैफल हवी होती. तशी मैफल मिळाली हे त्या चळवळीचे मोठे देणे आहे. एकदा नवल संपले की कवितेबद्दल बोलायला जागा मोकळी होते. आता पुढची पायरी बाकी आहे. एकमेकांना व्यासपीठ देण्यापलीकडे जाऊन एकमेकांना इस्लाह देण्याची.

हे काम मोठ्या मंडपात होणार नाही. तिथे दाद शोभते. इस्लाहसाठी दहा-बारा माणसे, एक सतरंजी आणि काही पेन्सिली पुरतात. नौपाड्यातल्या एखाद्या घरात महिन्यातून एका रविवारी अशी बैठक बसवता येईल. आधी एक मिसरा ठरवावा. एका महिन्यात मराठी, एका महिन्यात उर्दू. भिवंडीच्या शायराने मराठी मिसऱ्याला गाठ मारून पाहावी, नौपाड्याच्या कवीने उर्दू रदीफ मराठीत पेलून पाहावा. शक्ती-तुऱ्याच्या शाहिरालाही बोलवावे. ऐकून उत्तर देण्याचा सराव आपल्या सर्वांहून त्याला अधिक आहे. नवशिक्यांनी आधी वाचावे, जाणत्यांनी शेवटी. वाचताना मोकळी दाद द्यावी, पण ज्या ओळीला ती उमटली नाही तिथे गप्प राहण्याचा प्रामाणिकपणाही ठेवावा. मग चहा व्हावा, आणि चहानंतर प्रत्येकाने आपला कागद शेजारच्याच्या हाती द्यावा.

शेजारी तो कागद घरी नेईल. पुढच्या रविवारी परत आणील तेव्हा त्यावर पेन्सिलीच्या खुणा असतील. एखादा शब्द खोडलेला, एखाद्या ओळीखाली रेघ, समासात एक प्रश्नचिन्ह. कागदाच्या वर कवीचे नाव असेलही, पण खुणा करणाऱ्याची नजर नावावर नसेल, ओळीवर असेल. गालिबने तफ्ताला, दागने इक्बालला, भटांनी गावोगावच्या अनोळखी तरुणांना जे दिले ते यापेक्षा निराळे नव्हते. मराठीतल्या मुसलमान कवीला टाळी खूप मिळाली. आता त्याचा कागद कुणीतरी न संकोचता तपासून द्यावा, आणि त्यानेही शेजाऱ्याचा कागद तितक्याच मोकळेपणाने तपासून द्यावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.